रामटेके डॉक्टरांची उंच गाडी

रामटेके डॉक्टरांनी ती गाडी पहिल्यांदा दवाखान्याच्या आवारात आणली, तेव्हा बराच वेळ ते खाली उतरलेच नाहीत. गाडी चालू, डॉक्टर वर, आणि कडुनिंबाभोवती चकरा. मला वाटलं, नवी गाडी आहे, आनंदानं मारताहेत. पाचव्या चकरेला ओरडले, “ड्रेसर, पाहून काय राहिले जी? तो गोटा सरकवा न इकडं!”

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. गाडीची सीट माझ्या कमरेच्या वर आणि डॉक्टरांची उंची जेमतेम सव्वापाच फूट. थांबायचं तर पाय टेकायला काहीतरी उंच पाहिजे. मी एक मोठा गोटा ढकलत नेला, डॉक्टरांनी त्यावर डावा पाय ठेवला, गाडी बंद केली आणि गड जिंकल्यागत माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, “जी, ही गाडी तुमाले कोणी देल्ली? बदला घेतला का तुमचा?”

खरं तर ते पशुधन पर्यवेक्षक. पण आमच्याकडे जनावराला सुई टोचणाऱ्या माणसाला डॉक्टरच म्हणतात. मी त्यांच्या हाताखालचा ड्रेसर. कागदावर व्रणोपचारक, पण तो शब्द मला स्वतःलाच पगारपत्रकावर बघायची सवय, बोलायची नाही. वयानं मी त्यांच्याहून वर्षभरानं मोठा होतो, म्हणून मला बोलायची मुभा होती आणि ती मी पुरेपूर वापरली.

आमचा दवाखाना सानगडीच्या अलीकडे. एका अंगाला जंगल, दुसऱ्या अंगाला तलाव आणि मधे सगळं धान. जिल्हा फुटला तेव्हा आमच्याकडची काही गावं पलीकडे गोंदियात गेली, पण ते जनावरांना कोण सांगणार? गाय अडली की माणूस जवळच्या दवाखान्यात येतो. डॉक्टरांनी कधी कोणाला ‘तुमचा जिल्हा कोणता’ असं विचारलं नाही. अर्ध्या गावांना डांबरी रस्ता आणि अर्ध्यांना नुसती पांदण, म्हणजे बैलगाडीची चिखलवाट. साध्या मोटारसायकलवर ते वीस वर्षं फिरले, निम्मा वेळ ती ढकलत. म्हणून नोकरी संपायला सात-आठ वर्षं राहिली असताना त्यांनी ही घेतली. डांबरावरही चालते, चिखलातही चालते, असं दुकानदारानं सांगितलेलं.

“दोनी कामाची आहे, ड्रेसर. रस्त्याची न् बिनरस्त्याची.”

“म्हणजे दोनीकडं अर्धी-अर्धी,” मी म्हटलं.

आता सांगायला हरकत नाही, की आम्ही दोघंही बरोबर होतो.

डांबरावर ती गाडी नुसती गुणगुणायची. टायरला मोठमोठे ठोकळे, त्यांचा आवाज असा, की मागं बसून बोललेलं पुढं ऐकू जायचं नाही. डॉक्टरांचं घर शहापूरला, हायवेवर. शनिवारी संध्याकाळी ते साकोलीवरून घरी निघायचे. ट्रकवाले हॉर्न देत पुढं जायचे आणि वैनगंगेच्या पुलावर आडवा वारा लागला की ती उंच, सडपातळ गाडी डुलायची. पावसात ओल्या डांबरावर त्या ठोकळ्यांचा काही भरवसा नाही. क्लचची केबल तुटली तर साकोलीत मिळत नाही, नागपूरहून येईतो बारा दिवस. साकोलीचा मेकॅनिक म्हणायचा, “डॉक्टर, हे काय आणलं बाप्पा, नांगर का गाडी?” आणि सीट! ती सीट ज्यानं बनवली त्याला एकदा आमच्या मागं सानगडी ते जंगल असं बसवून आणायची माझी फार इच्छा होती. हातभर लांब, चार बोटं रुंद आणि पाटासारखी कडक. त्यावर मी, माझ्या मांडीत नायट्रोजनचा डबा. त्या डब्यात रेतनाच्या कांड्या असतात, तो आडवा होऊ द्यायचा नाही. मी आडवा झालो तर चालतं.

पण चिखल लागला, की वेगळीच गोष्ट. डॉक्टर फूटरेस्टवर उभे राहायचे. गुडघे थोडे वाकवून, कोपरं बाहेर. ठेंगणाठुसका माणूस एकदम मोठा दिसायला लागायचा. गाडी खाली उड्या मारतेय आणि वर डॉक्टर शांत. “ड्रेसर, उभे राहा! बसून राहाल तर कंबर जाईल!” असं ओरडायचे. मग मीही उभा. रोवणी करणाऱ्या बाया ओणव्याच्या सरळ व्हायच्या आणि पदर तोंडाला लावून हसायच्या. दोन म्हातारे एकामागं एक गाडीवर उभे, मागच्याच्या पोटाशी डबा. हसू नाही येणार तर काय होणार!

मजा मात्र यायची. मी तेव्हा कबूल केलं नाही, आता करतो. ज्या वाटेवर आयुष्यभर पाय रुतवत गेलो, तिथून वाऱ्यासारखं जायचं म्हणजे काय, हे पन्नाशी उलटल्यावर कळलं.

जंगलाच्या पलीकडे एक टोली होती, वीस-बावीस घरांची. रस्त्यानं जायचं तर तलावाला वळसा घालून दीड तास. गाय माजावर असते ती घडीभर, तिला आपल्या सरकारी वेळेशी काही घेणं नाही. निरोप येईतो, आम्ही पोचेतो, गाय थंड. टोलीवाले काही बोलायचे नाहीत. चहा पाजून परत पाठवायचे. डॉक्टरांना तो चहा फार लागायचा. या गाडीवर त्यांनी जंगलातून गुराख्यांची वाट शोधली आणि वीस मिनिटांत पोचू लागले. पहिल्या वर्षी त्या टोलीत कालवडी जन्मल्या तेव्हा एका म्हातारीनं गाडीच्या हँडलला हळदकुंकू लावलं. डॉक्टर बौद्ध, घरी सकाळी वंदना व्हायची, असले प्रकार त्यांना चालायचे नाहीत. पण म्हातारीला काही म्हणाले नाहीत. मला म्हणाले, “तिनं गाडीले लावलं, मले नाही. गाडीचा धर्म मी विचारला नाही.”

सापडलेल्या वाटांना ते नावं द्यायचे, आणि तीही जनावरांची. ज्या जनावरासाठी पहिल्यांदा त्या वाटेनं गेलो त्याचं नाव. कपिलेची वाट. लंगड्या म्हशीची पांदण. एका वाटेचं नाव होतं लाथाडी, आणि ते का हे माझी डावी बरगडी सांगेल. हळूहळू लोकही तीच नावं घ्यायला लागले. “लंगड्या म्हशीनं या, जी, इकडं पाणी आहे,” असा फोन आला की नवीन माणूस चक्रावून जायचा.

त्यांची एक सवय मला फार आवडायची. गोठा वीस-पंचवीस पावलांवर आला की गाडी बंद. तिथून ढकलत न्यायची. अडलेल्या जनावराला इंजिनाचा आवाज सोसत नाही म्हणायचे. आणि ढकलताना गाडीशी बोलायचे नाहीत, गाईशी बोलायला सुरुवात करायचे, लांबूनच. “आलो वं माय, आलो. थांब जराशीक.” गाय मान वळवून पाहायची. जनावर बोलून सांगत नाही, म्हणून आपणच लवकर पोचलं पाहिजे, हे त्यांचं ठरलेलं वाक्य. दिवसातून दोनदा तरी ऐकायचो.

डॉक्टरांच्या बायकोला, आमच्या वहिनींना, मात्र ती गाडी कधीच पटली नाही. “हिच्यावर चढायले शिडी लागते, न् उतरायले देव,” असं त्या म्हणायच्या. त्यांचं माहेर मोहाडी तालुक्यातलं आंधळगाव. भाचीचं लग्न होतं. डॉक्टरांनी फार आग्रह केला, म्हणून बिचाऱ्या नवीन साडी नेसून ओट्यावरून गाडीवर चढल्या. शहापूरहून भंडाऱ्यापर्यंत आल्या. बसस्टँडजवळ म्हणाल्या, “थांबा.” डॉक्टर पाय टेकायला काही उंच शोधू लागले, तेवढ्यात वहिनींनी खाली उडीच मारली. “तुम्ही या तुमच्या घोड्यावर. मी बसनं जातो.” आणि गेल्याही.

आता शहाण्या माणसानं बसच्या मागं मागं जावं की नाही? पण डॉक्टरांना नहराच्या, म्हणजे कालव्याच्या, कडेची वाट दिसली. ही थेट मोहाडीकडं निघत असेल, बसच्या आधी पोचू, असा हिशेब. नहर थेट गेला, वाट गेली नाही. लग्न लागलं, पंगती उठल्या, नवरी सासरी जायची वेळ झाली, तेव्हा जावई आले. नवा शर्ट छातीपर्यंत चिखलात. सासरे बघतच राहिले. वहिनींनी फक्त विचारलं, “कोणाची म्हैस होती?” डॉक्टर म्हणाले, “म्हैस नाही वं. पण मोर पाहिले. सात.” ही गोष्ट मला वहिनींनीच सांगितली, आणि ‘सात’ म्हणताना त्या इतक्या हसल्या की चहा सांडला.

असं सगळं चाललं होतं. मग शेवंताबाईच्या धुऱ्याचं झालं.

आमच्याकडे धानाच्या शेताच्या तुकड्याला बांधी म्हणतात आणि बांधीभोवतीच्या मातीच्या बांधाला धुरा. धुरा म्हणजे नुसती हद्द नव्हे. पाणी त्याच्यामुळं उभं राहतं, आणि पाणी उभं राहिलं तर धान. रोवणीच्या आधी माणसं धुऱ्याला हातानं चिखल लिंपतात, घर सारवावं तसा. त्यावरून माणूस चालतो, एकामागं एक, आणि तोही पाऊल जपून टाकतो.

शेवंताबाई लांजेवार हिच्या दोन बांध्या होत्या. नवरा गेल्यापासून शेती ती एकटी बघायची, आणि बघायची म्हणजे अशी, की तिच्या बांधीत तण शोधून दाखवा. खालची बांधी तिच्या जेठाची, म्हणजे थोरल्या दिराची. दोघांत बोलणं नव्हतं. का नव्हतं ते विचारू नका, जेठाला विचारलं तर एक सांगायचा आणि बाईला विचारलं तर ती उठून जायची.

श्रावणातला दिवस. दुपारी सोमाजी शेंडेचा फोन आला. त्याची म्हैस सकाळपासून अडलेली, रेडकाचा एक पाय आत मुडपलेला. सोमाजीचा गोठा शेवंताबाईच्या शेतापलीकडे. पांदणीनं गेलो तर अर्धा तास, गुडघाभर चिखल. धुऱ्यावरून गेलो तर पाच मिनिटं. डॉक्टर धुऱ्याच्या तोंडाशी क्षणभर थांबले. तोपर्यंत दुसऱ्यांच्या दोन-तीन धुऱ्यांवरून आम्ही गेलो होतो, पण ते उन्हाळ्यातले, वाळलेले. हा ओला.

“जाते न?” त्यांनी विचारलं.

“जाते,” मी म्हटलं. खोटं कशाला बोलू, मलाच पांदणीचा कंटाळा आला होता.

उभे राहून निघालो. मधोमध मागचं चाक घसरलं. डॉक्टरांनी मूठ पिळली, ठोकळ्यांनी धुरा खरवडला आणि गाडी उसळून पुढं निघाली. मी मागं वळून पाहिलं. बोटभर खाच पडली होती आणि तीतून वरच्या बांधीचं पाणी खाली उतरू लागलं होतं. मी डॉक्टरांच्या पाठीवर थाप मारली, बोट दाखवलं. त्यांनीही पाहिलं.

“येतानी बुजवू,” ते म्हणाले. मीही मान हलवली.

दोन तास लागले. डॉक्टरांचा हात खांद्यापर्यंत आत, सोमाजी शेपटी धरून, मी दोरी ओढतोय. शेवटी वगार बाहेर आली, जिवंत, आणि उठायला बघू लागली. सोमाजी रडलाच. मग चहा, पोहे, आणखी चहा. त्याच्या भावाचं एक वासरू पांदणीच्या टोकाला हगवणीनं आजारी होतं, तेही बघून जा म्हणाला. आम्ही ते बघून तिकडूनच, पांदणीनं, निघालो. गाणं म्हणत निघालो. धुऱ्याची आठवण दोघांनाही झाली नाही. वाटेत नाही, रात्री जेवताना नाही, झोपतानाही नाही. आजही आठवलं की माझं मलाच वाईट वाटतं.

दुसऱ्या दिवशी दवाखाना उघडत होतो तर शेवंताबाई पायरीवर उभी. लुगडं गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेलं. डॉक्टर आले, गोट्यावर पाय ठेवून उतरले, आणि तिला पाहिलं मात्र, त्यांचा चेहरा उतरला.

“बाई, थो धुरा...”

“कालच सकाळी खत फेकलं होतं मी,” ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. “रातभर पाणी गेलं. बांधी कोरडी पडली. पाण्यासंगं खत गेलं. गेलं कुठं? जेठाच्या बांधीत.”

डॉक्टरांनी पेटी पायरीवर ठेवली.

“मले लोकायनं सांगितलं, गाडीचे दात उमटले हायेत म्हून. मले फक्त येवढं सांगा, डॉक्टर. तुमाले जातानी दिसलं होतं का नव्हतं?”

मी मनातल्या मनात म्हटलं, नाही म्हणा जी. म्हशीची घाई होती, दिसलं नाही, एवढं म्हटलं तरी बाई समजून घेईल. सगळं गाव समजून घेईल.

“दिसलं होतं, बाई,” डॉक्टर म्हणाले. “येतानी बुजवू म्हटलं, न् विसरलो.”

तिनं पदर खोचला. “मंग झालं तर,” म्हणाली आणि निघून गेली.

डॉक्टर त्या दिवशी रजा टाकून, फावडं घेऊन तिच्या धुऱ्यावर गेले. मीही गेलो. खाच आता हातभर रुंद झाली होती. आम्ही माती भरली, दाबली, लिंपली. बाई दुसऱ्या टोकाला तण काढत होती. आम्ही गेल्यावर तिनं येऊन तोच धुरा पुन्हा स्वतःच्या हातानं लिंपला, हे मला दुसऱ्या दिवशी सोमाजीनं सांगितलं. पावसानं नेमकी दडी मारलेली. डॉक्टरांनी गावात दोन संध्याकाळी हातापाया पडून तलावाच्या पाण्याची पहिली पाळी तिला द्यायला लावली. लोकांनी दिली. डॉक्टरांना नाही म्हणणारं कोणी नव्हतं. धान वाचलं, पण पिवळं राहिलं. आणि जेठाचं असं हिरवंगार, की रस्त्यानं जाणारा थांबून बघायचा. जेठ चौकात सांगायचा, “यंदा आपुन खत टाकलंच नाही बा.” मला त्याला एक ठेवून द्यावीशी वाटायची.

दिवाळीनंतर धान कापलं गेलं, गोष्ट जुनी झाली. शेवंताबाईनं कुठं तक्रार केली नाही, कोणापाशी बोलली नाही. तिनं फक्त आमच्या दवाखान्यात येणं सोडलं. तिची गाय आजारी पडली, तर दुसऱ्या गावच्या खाजगी माणसाला बोलवायची. पोळ्याला डॉक्टर तोरणाखाली सगळ्यांचे बैल पाहत फिरायचे, शिंगांना हात लावायचे, खुरं उचलून बघायचे. ते जवळ आले की ती आपली जोडी घेऊन ओळीतून बाजूला व्हायची. डॉक्टर तरी दर वेळी “नमस्कार, बाई” म्हणायचे. ती गाडीकडे पाहायची, त्यांच्याकडे नाही.

वीस-पंचवीस वर्षं नोकरी केलेला माणूस. सगळा तालुका नाव काढायचा. पण त्यांना त्या एका दाराचं लागून राहिलं होतं. मी एकदा चिडलो. म्हटलं, “जी, शंभर घरं तुमाले देव मानतात, एका बाईचं काय येवढं घेऊन बसले?”

“देव नाही पाहिजे,” ते म्हणाले. “तिच्या गाईले गर्मी झाली का सर्दी झाली, थे मले ठाऊक नाही, ड्रेसर. पंचवीस वर्षं ठाऊक राहत होतं.”

त्या श्रावणानंतर त्यांनी गाडी कोणाच्याच धुऱ्यावर घातली नाही. ओला असो, सुका असो. धुऱ्याच्या तोंडाशी गाडी उभी करायची आणि पेटी घेऊन पायी. शेतकरी लांबून ओरडायचे, “अजी, या न गाडीनं! काही होत नाही!” हे हात हलवून चालत राहायचे. माझे हाल विचारू नका. ज्या गाडीपायी हाडं खिळखिळी केली, तिचा उपयोग होता तिथंच ती उभी. मी कुरकुर केली की म्हणायचे, “या गाडीत खोट उंचीची नाही, न् सीटची नाही. हे कुठंही जाते, हेच खोट आहे. जाते म्हणून आपुन जातो.”

जंगलातून जायचे, नाल्यातून जायचे, टोलीवर जायचे. तिथं पूर्वीसारखेच उभे राहून, कोपरं बाहेर काढून, खुशीत. नवीन वाट सापडली की शाळा सुटलेल्या पोरासारखे दिसायचे. तो आनंद त्यांनी सोडला नाही, हे बरं झालं. पण गुडघा गेला. उजवा. जिने चढताना कडकड वाजायचा. वहिनी म्हणाल्या, गाडी विका. डॉक्टर म्हणाले, गाडीवर गुडघा दुखत नाही, खाली उतरल्यावर दुखतो. आणि हे खरं होतं.

तीन पोळे असे गेले. डॉक्टरांच्या नोकरीचा शेवटचा महिना आला. भाद्रपद. दोन दिवस झड लागलेली, तिसऱ्या दिवशी सकाळी थोडी उघडीप. आम्ही दवाखान्यात रजिस्टरं लावत बसलो होतो. डॉक्टरांचा फोन वाजला. त्यांनी नुसतं “हाव... हाव, बाई... कधीपासून?” एवढं म्हटलं, आणि उठले. गुडघा विसरून उठले.

“शेवंताबाईची गाय,” म्हणाले. “खाजगीवाला आला होता. होत नाही म्हणून चालला गेला.”

तिनं गोठा आता शेतावरच, सोमाजीच्या शेजारी बांधला होता. पांदणीवरचा नाला कमरेइतका वाहत होता. तिकडून बैलही जाईना. राहिला धुरा. डॉक्टरांनी नेहमीप्रमाणे तोंडाशी गाडी थांबवली, माझ्या खांद्याचा आधार घेऊन उतरले, पेटी घेतली आणि चालू लागले. आठ-दहा पावलं गेले असतील. ओला, निसरडा धुरा. गुडघ्यानं दगा दिला आणि ते एका बाजूला बांधीत बसले, पाण्यातच. मी धावलो. उठवलं तर उजवा पाय टेकवेना.

समोरून शेवंताबाई येत होती. लुगड्याचा काष्टा मारलेला, भरभर, धुरा न बघता. पाय त्या धुऱ्याला माहीतच होते. ती आली, डॉक्टरांच्या पायाकडे पाहिलं, मागं गाडीकडे पाहिलं.

“गाडी काहून उभी केली तिकडं?”

“बाई, धुरा ओला आहे.”

“मले दिसते.”

“मी रांगत येतो, पण...”

“माही गाय मरून राहिली न् तुम्ही रांगत येता?” आता मात्र तिचा आवाज चढला. तीन वर्षांत पहिल्यांदा ती त्यांच्यावर ओरडत होती आणि खरं सांगतो, मला बरं वाटलं. “धुरा कोणाचा आहे? माहा आहे न? मी सांगून राहिली न? आणा थे गाडी.”

डॉक्टर हलेनात. डोळ्यांत पाणी आलं होतं, पावसाचं म्हणायला पाऊस नव्हता.

“पुन्हा फुटला तं?” ते म्हणाले.

तिनं धुऱ्यावर पाय दाबून पाहिला. मग म्हणाली, “माह्या मागं या. मी जठी पाय ठेवीन, तठी चाक ठेवा. घाई करू नका.”

मी गाडी आणली. डॉक्टरांना दोघांनी मिळून वर चढवलं. पेटी मी घेतली आणि शेवटी चालू लागलो. डॉक्टर रिटायर होऊन शहापूरला गेले, त्यानंतर मी त्यांच्याकडे कितीदा जेवून आलो आहे. पण त्यांचं नाव निघालं की मला आधी ती सकाळच दिसते.

पुढं शेवंताबाई चालली आहे, आपल्या चालीनं. तिच्या मागं ती उंच गाडी, पहिल्या गियरमध्ये, माणसाच्या पावलाइतकी हळू. गाडी चालवणाऱ्याला विचारा, जोरात चालवणं सोपं असतं. धुऱ्यावर दोन्ही बाजूंना पाणी, पाय टेकायला काही नाही. डॉक्टर एका पायावर भार देऊन उभे आहेत, मान खाली, डोळे तिच्या टाचांवर. ती जिथं पाऊल टाकेल तिथं चाक. चिखल दबतोय, पण फुटत नाहीये. अर्ध्यावर, जिथं तेव्हा खाच पडली होती, तिथं ती थांबली, वाकली आणि वर उगवलेलं तणाचं एक कांड उपटलं. सवयीनंच उपटलं असणार. मागं डॉक्टर अडकले. गाडी जागच्या जागी डुलू लागली, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, आणि मग तिच्या उभ्या धानाच्या बाजूला कलली. शेवंताबाई वळली, तण टाकून दिलं आणि दोन्ही हातांनी हँडल धरलं. घट्ट. गाडी सरळ झाली. ती आणि डॉक्टर तसेच समोरासमोर उभे राहिले, मधे इंजिन धडधडतंय.

“धरली मी,” ती म्हणाली. “आता या हळूहळू.” आणि हँडल धरून, तशीच उलट्या पावलांनी, धुऱ्यावरून चालू लागली.